गर्भपाताचा प्रश्न आणि ख्रिस्ती धर्मपीठे

गर्भपाताचा विषय निघाला की आपल्याकडचा सुशिक्षित मनुष्य एक वाक्य हटकून उच्चारतो : ख्रिस्ती लोकांचा त्याला पहिल्यापासून विरोधच आहे. हे वाक्य खोटे नाही, पण अगदी अपुरे आहे. १९६७ साली न्यू यॉर्क शहरात अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांचे पत्ते उघडपणे देणारी एक संस्था निघाली. ती कोणा नास्तिकांनी काढलेली नव्हती. एकोणीस पाद्री आणि दोन ज्यू धर्मगुरू अशा एकवीस जणांनी ती काढली होती. पुढे १९७१ साली अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने, म्हणजे सदर्न बॅप्टिस्टांनी, गर्भपाताचे कायदे सैल करावेत असा ठराव मंजूर केला. त्याच पंथाने २००३ साली त्या ठरावाबद्दल जाहीरपणे खेद प्रकट केला. मधल्या बत्तीस वर्षांत काय घडले आणि कोणत्या साधनांनी घडवले गेले, ही आजच्या विवेचनाची मुख्य वस्तू आहे. पण त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

प्राचीन रोमच्या साम्राज्यात नको असलेले मूल उघड्यावर टाकून देणे हा गुन्हा नव्हता. इजिप्तमधील एका मजुराने इसवी सनापूर्वी १ ह्या वर्षी आपल्या गरोदर बायकोला लिहिलेले एक पत्र वाळूत सापडले आहे. मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असे त्याने बायकोला सहज कळवले आहे. आणि त्याच पत्रात पगार मिळताच पाठवून देतो असे आश्वासनही आहे. दुष्ट माणसाचे पत्र नव्हे हे. चालीरीतीत वाढलेल्या साध्या माणसाचे आहे. अशा जगात पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी बालहत्या आणि गर्भपात ही दोन्ही कृत्ये एका ओळीत बसवून निषिद्ध ठरवली. ‘दिदाखी’ म्हणून जी एक अतिप्राचीन आचारपोथी आहे, तिच्यात हा निषेध स्पष्ट आहे. ही पोथी शतकानुशतके हरवलेली होती. १८७३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या एका ग्रंथालयात ब्रिएनिऑस नावाच्या ग्रीक धर्माधिकाऱ्याला ती सापडली आणि १८८३ साली छापून निघाली. जो दुबळा आहे, ज्याला बोलता येत नाही, त्याचाही जीव देवाच्या लेखी मोलाचा, हा त्या निषेधाचा गाभा होता. ख्रिस्ती विचारातली ही सर्वांत बळकट बाजू आहे असे माझे मत आहे, आणि विरोधकांनीही तिला हलके लेखू नये.

मात्र निषेध कायम असला तरी अपराधाचे माप कायम नव्हते. बायबलच्या निर्गम पुस्तकात, दोन पुरुषांच्या मारामारीत गरोदर स्त्रीला धक्का लागून गर्भ पडला तर काय करावे, ह्याचा एक नियम आहे. मूळ हिब्रू पाठात दंड किती हे स्त्रीला इजा झाली की नाही ह्यावर ठरते, असा त्याचा अर्थ बहुधा लावला जातो. पण ख्रिस्तापूर्वी झालेल्या ग्रीक भाषांतरात अर्थ बदलला : गर्भाला आकार आला होता की नव्हता, ह्यावर शिक्षा ठरू लागली. एका भाषांतराने केवढा फरक केला पाहा! त्याला ॲरिस्टॉटलच्या मताची जोड मिळाली. पुरुषगर्भाला चाळीस दिवसांनी आणि स्त्रीगर्भाला नव्वदच्या सुमारास आकार येतो, असे त्याचे गणित होते. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस ह्या थोर कॅथॉलिक पंडितानेही, गर्भात मानवी आत्मा काही काळाने येतो, हेच मत धरले. त्यापूर्वीचा गर्भपात त्याच्या दृष्टीने पापच. पण मनुष्यवध नव्हे.

पोपही ह्या बाबतीत स्थिर राहिले नाहीत. पाचव्या सिक्स्टसने १५८८ साली कोणत्याही अवस्थेतील गर्भपाताला मनुष्यवधाची शिक्षा लावली. तीनच वर्षांनी, १५९१ साली, चौदाव्या ग्रेगरीने ती जीव पडलेल्या गर्भापुरती मर्यादित केली. हा भेद जवळजवळ पावणेतीनशे वर्षे टिकला आणि १८६९ साली नवव्या पायसने तो काढून टाकला. आज आपण ज्याला कॅथॉलिक पंथाची सनातन भूमिका समजतो, तिचा निषेध प्राचीन आहे, पण तिचे दंडविधान त्या मानाने अर्वाचीन आहे. आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील कडवा लेखक टर्टुलियन गर्भपाताला आधीच उरकलेला खून समजतो; पण अडलेल्या बाळंतपणात आईचा जीव वाचवण्यासाठी वैद्य जी शस्त्रक्रिया करीत, तिचे वर्णन करताना तो तिला क्रूर परंतु आवश्यक अशी गोष्ट म्हणतो. आईचा जीव आणि मुलाचा जीव ह्यांतला पेच त्यालाही चुकवता आला नव्हता.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गर्भपातविरोधी कायदे झाले ते पाद्र्यांच्या आग्रहाने झाले असावेत असे कोणालाही वाटेल. वस्तुतः त्यामागे वैद्यांची चळवळ होती. बॉस्टनच्या होरेशिओ स्टोरर ह्या डॉक्टरने १८५७ पासून तिचे नेतृत्व केले आणि १८५९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने निषेधाचा ठराव केला. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक त्या मानाने गप्प होते. विसाव्या शतकात संततिनियमनाचा वाद पेटला तेव्हा वाटा स्पष्टपणे फुटल्या. १९३० साली अँग्लिकन धर्माध्यक्षांच्या लॅम्बेथ परिषदेने संततिनियमनाला मर्यादित संमती दिली, पण गर्भपाताचा तिटकारा व्यक्त केला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोपने दोन्ही गोष्टी त्याज्य ठरवल्या. पुढची चाळीस वर्षे अमेरिकन प्रॉटेस्टंटाच्या मनात एक समीकरण घट्ट बसले : ह्या असल्या गोष्टींचा बाऊ करणे हे कॅथॉलिकांचे काम. पंथापंथांतल्या जुन्या अढीचा हा भाग लक्षात घेतला नाही तर पुढचा इतिहास उलगडत नाही.

आता १९६७ च्या त्या संस्थेकडे वळू. तिचा प्रमुख हॉवर्ड मूडी हा डल्लासमध्ये जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात नौसैनिक म्हणून लढलेला बॅप्टिस्ट पाद्री. न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन चौकातील जडसन चर्चचा तो धर्मोपदेशक होता. आईचा प्राण वाचवण्याखेरीज अन्य कारणाने गर्भपात करणे त्या राज्यात तेव्हा गुन्हा होता. पैसेवाल्यांना डॉक्टर सापडत. गरिबांना सुईणी, वैदू आणि सडक्या खोल्या. २२ मे १९६७ रोजी वर्तमानपत्रात बातमी आली की, अमुक क्रमांकावर दूरध्वनी केल्यास त्या दिवशी कोणते धर्मोपदेशक भेटतील ते समजेल. क्रमांक फिरवला की ध्वनिमुद्रित आवाज नावे सांगे. स्त्री त्या पाद्र्याला भेटे, बोलणे होई, आणि तिचा निश्चय कायम असेल तर तिला डॉक्टरचा पत्ता मिळे. शक्यतो दुसऱ्या राज्यातला किंवा परदेशातला, म्हणजे कायद्याचा हात पोचणे अवघड. डॉक्टर धड आहे की कसाई आहे हे पाहण्याचे काम आर्लीन कार्मेन ह्या चर्चच्या व्यवस्थापिकेने पत्करले होते. ती स्वतः गरोदर असल्याची बतावणी करून दवाखान्यात जाई, खोली, हत्यारे, वागणूक सारे न्याहाळी, आणि अगदी शेवटच्या क्षणी खरे काय ते सांगे. हळूहळू देशभर हजाराहून अधिक धर्मोपदेशक ह्या कामात आले. जादा पैसे उकळणाऱ्या डॉक्टरांकडे स्त्रिया पाठवणे बंद करून त्यांनी दरही खाली आणले.

ह्या मंडळींच्या कृत्याला कोणी पुण्य म्हणो वा पाप. ते त्यांनी नाव-गाव लपवून केले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांची धारणाही ख्रिस्तीच होती. दारी आलेल्या दुःखिताला परत पाठवू नये, ह्या आज्ञेचा आधार ते घेत. पण पोटातला जीव हा दारी आलेलाच नव्हे काय, ह्या प्रश्नाला त्यांच्यापाशी समाधानकारक उत्तर होते असे मला दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६८ च्या ऑक्टोबरात, कॅनडातील टोरोंटो शहरी दुसरा एक दूरध्वनी सुरू झाला. लुईस समरहिल ह्या कॅथॉलिक गृहिणीने ‘बर्थराइट’ नावाची संस्था काढली. दिवस गेलेल्या आणि गांगरलेल्या मुलीने दूरध्वनी करावा. राहायला जागा, बाळंतपणाची सोय, बाळाचे कपडे, जे लागेल ते मिळवून द्यावे, असा तिचा रिवाज. समरहिलबाईंनी एक कडक नियम घातला : संस्थेने जाहीर वादात पडायचे नाही, कायद्यासाठी खटपट करायची नाही. हे वाचताना मराठी माणसाला पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील पत्रके लावली होती आणि १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. जोतीराव मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले होते हे खरे. परंतु त्या गृहाची प्रेरणा त्यांनी आपल्या डोळ्यांदेखतच्या अन्यायातून घेतली होती.

प्रचाराच्या खऱ्या लढाईला तोंड फुटले ते चित्रांनी. १९६५ च्या एप्रिलमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात स्वीडनचे छायाचित्रकार लेनार्ट निल्सन ह्यांनी टिपलेली गर्भाची रंगीत चित्रे प्रसिद्ध झाली. ऐंशी लाख प्रती चार दिवसांत संपल्या. अंगठा चोखणारे, पारदर्शक कातडीचे ते चिमुकले शरीर पाहून लोक हेलावले. त्यातली बहुतेक चित्रे गर्भाशयातून आधीच काढलेल्या गर्भांची होती, ही गोष्ट फार थोड्यांनी ध्यानात घेतली! सिनसिनाटीचे डॉक्टर विल्की आणि त्यांच्या पत्नी ह्या कॅथॉलिक दांपत्याने १९७१ साली गर्भपातावर एक छोटे पुस्तक काढले आणि पाडलेल्या गर्भांची चित्रे छापलेली पत्रके घरोघर वाटण्याची पद्धत रूढ केली. १९७२ च्या नोव्हेंबरात मिशिगन राज्यात गर्भपात सैल करण्याच्या प्रस्तावावर जनमत घेतले गेले. आधीच्या अंदाजांत प्रस्तावाची सरशी दिसत होती. प्रत्यक्षात सुमारे ६१ टक्के मते विरुद्ध पडली. नॉर्थ डाकोटात तर तीन-चतुर्थांशाहून अधिक मतदार विरुद्ध गेले. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच ही चळवळ जोमात होती. तिच्यात गरिबांच्या बाजूने उभे राहणारे उदारमतवादी कॅथॉलिक पुष्कळ होते. १९७५ ते १९७८ ह्या काळात तिच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा मिल्ड्रेड जेफरसन होत्या. हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयातून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, आणि मेथॉडिस्ट पाद्र्याच्या कन्या.

२२ जानेवारी १९७३ रोजी रो विरुद्ध वेड ह्या खटल्यात सात विरुद्ध दोन अशा बहुमताने गर्भपात हा स्त्रीचा घटनात्मक हक्क ठरला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन हेही मेथॉडिस्ट चर्चला जाणारे. डल्लासच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे डब्ल्यू. ए. क्रिस्वेल हे सनातन बॅप्टिस्टांचे मुकुटमणी. मूल जन्मून आईपासून वेगळे झाले म्हणजेच ते स्वतंत्र व्यक्ती होते असे आपल्याला नेहमी वाटत आले, अशा आशयाचे समाधान त्यांनी तेव्हा व्यक्त केले. पुढे त्यांनी हे मत सोडले.

मग वारे फिरले कसे? एक कारण आकड्यांत आहे. निकालानंतर गर्भपातांची संख्या काही लाखांवरून सात-आठ वर्षांत पंधरा लाखांच्या घरात गेली, आणि अगदी अपवादात्मक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून संमती देणारे पाद्री चपापले. दुसरे कारण राजकीय. १९७९ साली जेरी फॉलवेल ह्यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ निघाली. विभक्त शाळांच्या करमाफीचा वाद हेच ह्या धार्मिक राजकारणाचे मूळ, गर्भपात हे मागाहून शोधलेले निशाण, असे काही इतिहासकार मांडतात. मला हे अर्धे पटते. मिशिगनच्या त्या मतदारांना शाळांच्या करमाफीचे काही घेणेदेणे नव्हते. तिसरे कारण म्हणजे एक चित्रपट. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे विचारवंत फ्रान्सिस शेफर आणि फिलाडेल्फियाचे बालशल्यचिकित्सक सी. एव्हरेट कूप ह्यांनी १९७९ साली पाच भागांचा बोलपट काढून शहरोशहरी सभा घेतल्या. मृत समुद्राच्या काठी मिठाच्या पांढऱ्या थरावर शेकडो बाहुल्या विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून कूप बोलत आहेत, हे त्यातले दृश्य पाहिलेले लोक अजून विसरत नाहीत. आरंभी प्रतिसाद थंड होता. मग तो चर्चचर्चमधून दाखवला जाऊ लागला. १९८० साली सदर्न बॅप्टिस्टांनी आईच्या प्राणरक्षणाखेरीज सर्व गर्भपात बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी केली. त्याच वर्षी अध्यक्ष म्हणून निवडून आलेले रोनाल्ड रेगन हे ह्या पक्षाचे पाठीराखे. १९६७ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना गर्भपात सैल करणाऱ्या कायद्यावर सही त्यांनीच केली होती. उलट बाजूनेही असेच झाले : १९७७ साली गर्भपाताविरुद्ध कळकळीने लिहिणारे कृष्णवर्णीयांचे पुढारी रेव्हरंड जेसी जॅक्सन अध्यक्षपदाचे उमेदवार झाले तेव्हा हक्काच्या बाजूला गेलेले होते.

आता प्रचारातील सत्यासत्याविषयी. गर्भपाताच्या हक्कासाठी १९६९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत बर्नार्ड नॅथन्सन हे डॉक्टर होते. मूडींच्या संस्थेने १९७० साली काढलेल्या दवाखान्याचेही ते काही काळ संचालक होते. आपल्या हाताखाली साठ हजार गर्भपात झाले असे ते स्वतःच सांगत. पुढे त्यांचे मन पालटले. बेकायदा गर्भपातांनी दरसाल पाच ते दहा हजार स्त्रिया मरतात असे आम्ही सांगत होतो आणि तो आकडा खोटा आहे हे आम्हाला ठाऊक होते, असे त्यांनी १९७९ साली लिहिले. सरकारी नोंदी पाहता १९३० साली अशा मृत्यूंची संख्या सुमारे २,७०० होती. पेनिसिलीन आल्यावर ती १९५० साली तीनशेच्या आसपास आली आणि १९७२ साली बेकायदा गर्भपाताने ३९ मृत्यू नोंदले गेले. नोंदीत सगळे येत नाही हे मान्य. तरी दहा हजार कोठे आणि हे आकडे कोठे? पण एकोणचाळीस म्हणजे काही शून्य नव्हे, हेही दुसऱ्या पक्षाने कधी मोकळेपणी म्हटले नाही.

आणि नॅथन्सन ह्यांनी तरी काय केले? १९८४ साली त्यांनी ध्वनिलहरींच्या यंत्रावर दिसणाऱ्या बारा आठवड्यांच्या गर्भाचा चित्रपट काढला आणि तो गर्भ भीतीने किंचाळतो असे सांगितले. अनेक वैद्यांनी हा दावा फेटाळला. पुढे गर्भपाताने स्तनांचा कर्करोग होतो असाही प्रचार चालला. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी तसा संबंध नसल्याचा निर्वाळा दिला. ह्या सगळ्यात मला आदर वाटतो तो डॉक्टर कूपचा. रेगन ह्यांनी त्यांना राष्ट्राचे सर्जन जनरल नेमले आणि गर्भपाताचा स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारा दुष्परिणाम दाखवणारा अहवाल मागितला. स्वतः कट्टर विरोधक असूनही जानेवारी १९८९ मध्ये त्यांनी कळवले की, उपलब्ध अभ्यासांवरून कोणताच निर्णायक निष्कर्ष निघत नाही. त्यांचेच सहकारी त्यांच्यावर संतापले. गर्भपात वाईट ठरवण्यासाठी त्यांना खोट्या आकड्याची गरज वाटली नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

आपल्या देशात हा वाद असा गाजला नाही. १९६४ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. १९६६ अखेर अहवाल आला, १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. कॅथॉलिक धर्माध्यक्षांचा विरोध होता, पण तो फारसा कोणाच्या कानी गेला नाही. आमच्याकडे प्रचाराचे विष वेगळ्याच वाटेने आले. १९८० च्या सुमारास आज काही शेकडे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या जाहिराती गर्भलिंगपरीक्षा करणारे राजरोस देऊ लागले. महाराष्ट्राने १९८८ साली त्यावर देशात पहिला कायदा केला. त्या इजिप्शियन मजुराचे पत्र दोन हजार वर्षांपूर्वीचे म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अमेरिकेतील १९७३ चा निकाल २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केला. सहा आठवड्यांच्या आत, कॅन्सस ह्या चर्चला नियमाने जाणाऱ्या राज्यात, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. तेथील कथा अजून संपलेली नाही.

आयर्लंडची मात्र एक फेरी पुरी झाली आहे, आणि तिचा धागा आपल्या शेजारी येऊन पोचतो. १९८३ साली तेथे न जन्मलेल्या मुलाच्या जीविताचा हक्क आईच्या हक्काइतकाच असल्याचे कलम सुमारे ६७ टक्के मतांनी राज्यघटनेत घातले गेले. गर्भपाताला प्रतिकूल असूनही चर्च ऑफ आयर्लंड ह्या प्रॉटेस्टंट पंथाने, असे कलम राज्यघटनेत नको, असे तेव्हाच बजावले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य सतराव्या आठवड्यात गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. तिचे आईवडील बेळगावचे. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तिने गर्भपाताची मागणी केली. हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने ते करता येत नाही असे तिला सांगण्यात आले, आणि हा कॅथॉलिक देश आहे अशा अर्थाचे शब्दही तिच्या कानी पडले. रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव होऊन २८ ऑक्टोबरला ती वारली. एका पक्षाने हा कायद्याने घेतलेला बळी ठरवला. दुसऱ्याने ही निव्वळ वैद्यकीय हयगय असल्याचे सांगितले. सरकारी चौकशीत दोन्ही आढळले : आजाराची खूण वेळीच ओळखली गेली नाही, आणि ठोके थांबण्याची वाट पाहण्यावर नको तितका भर दिला गेला.

२५ मे २०१८ रोजी ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ते कलम रद्द झाले. त्या प्रचारात डब्लिनच्या भिंतींवर सविताचे चित्र होते आणि तिच्या वडिलांनी बेळगावहून मतदारांना आवाहन केले होते. नव्या कायद्याला आपल्या मुलीचे नाव द्यावे अशीही त्यांची इच्छा होती. कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. त्याच्या शीर्षकात कोणाचेच नाव नाही.